२५६ चिन्हांची चौकट : आयबीएम पीसी ५१५० चे तांत्रिक विनिर्देश आणि भारतीय लिपींचा संगणक-प्रवेश

१. विनिर्देश : एक सांस्कृतिक दस्तऐवज

साहित्याच्या इतिहासात लेखनसाधनांचा विचार बहुधा परिशिष्टात जातो. कोणता ग्रंथ कोणत्या छापखान्यात निघाला, कोणत्या वर्षी निघाला, त्याची किती पृष्ठे होती एवढ्या नोंदी केल्या की साधनांचे प्रकरण संपले असे मानण्याची रीत आहे. परंतु साधने केवळ वाहक नसतात. कोणती भाषा कोणत्या लिपीत उमटेल, कोणत्या लिपीचा कोणता भाग टिकेल आणि कोणता गळेल, हे अनेकदा साधनांनी ठरविलेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते रोमी लिपीत. त्याची भाषा मराठी होती, तरी ती छापण्यासाठी नागरी खिळे उपलब्ध नव्हते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरहून प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी व्यवहाराची लिपी मोडी होती. मोडीचे खिळे मात्र तयार नसल्याने ते व्याकरण देवनागरीत छापावे लागले. पुढे मोडीचे खिळे पाडले गेले, पण मुद्रित मराठीची लिपी म्हणून अखेरीस देवनागरीच स्थिरावली. या निवडीमागे इतरही कारणे होती, तथापि यंत्राच्या सोयीचा भाग त्यात लहान नव्हता.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अशीच एक निवड पुन्हा झाली. या वेळी ती ओतशाळेत न होता एका तांत्रिक विनिर्देशपत्रकात झाली. आयबीएम या अमेरिकी कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी 'पर्सनल कॉम्प्युटर' या नावाने जाहीर केलेला आणि ५१५० या क्रमांकाने ओळखला जाणारा संगणक हा त्या निवडीचा उगम होय. या यंत्राच्या विनिर्देशांचे वाचन एरवी जुन्या यंत्रांच्या संग्राहकांपुरते मर्यादित असते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ते का वाचावे, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. यंत्राची रचना

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील एका छोट्या गटाने हे यंत्र सिद्ध केले. वेळ थोडा होता, म्हणून स्वतःचे सुटे भाग घडविण्याऐवजी बाजारात मिळणारे भाग जुळविण्याचे धोरण स्वीकारले गेले. यंत्राच्या केंद्रस्थानी इंटेलचा ८०८८ हा मायक्रोप्रोसेसर होता. तो आतून १६ बिटांचा, पण बाहेरच्या भागांशी एका वेळी ८ बिटांनीच बोलणारा होता. ८ बिटांचे पूरक भाग स्वस्त आणि सहज उपलब्ध होते, हे या निवडीमागील व्यावहारिक कारण. त्याची गती ४.७७ मेगाहर्ट्झ. हा अपूर्णांकी आकडाही अकारण नाही. अमेरिकेतील रंगीत दूरदर्शनसंचाला लागणाऱ्या संकेताशी जुळणारा एकच स्फटिक वापरून त्याच्या १४.३१८ मेगाहर्ट्झ कंपनसंख्येला तिनाने भागले की ही गती येते. म्हणजे यंत्राच्या नाडीचे ठोकेसुद्धा अमेरिकी घरातील दूरदर्शनसंचाच्या मापाने पडत होते.

८०८८ ला १ मेगाबाइटपर्यंतच्या स्मृतीचे पत्ते कळत असत. त्यातील ६४० किलोबाइट वापरकर्त्याच्या आज्ञावलींसाठी आणि उरलेला भाग पडदा व कायम स्मृती यांसाठी राखीव होता. प्रत्यक्षात मूळ संचात केवळ १६ किलोबाइट स्मृती मिळे. मुख्य मंडलावर ती ६४ किलोबाइटपर्यंत वाढविता येई. कायम स्मृती ४० किलोबाइटची होती. त्यातील ३२ किलोबाइट बेसिक या भाषेने व्यापलेली होती आणि ८ किलोबाइटमध्ये यंत्र जागे करणाऱ्या मूलभूत आज्ञा होत्या. सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्कवर आरंभी १६० किलोबाइट मजकूर मावे. पुढे हे मान ३२० आणि ३६० किलोबाइटपर्यंत गेले. कळफलकावर ८३ कळा होत्या. कॅसेट रेकॉर्डर जोडण्याचीही सोय होती. सर्वांत साध्या संचाची किंमत १,५६५ डॉलर होती. तीत फ्लॉपी चालक वा पडदा समाविष्ट नव्हता.

या तपशिलातील एक बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. यंत्राच्या आत पाच मोकळ्या खाचा होत्या. त्यांत कोणीही तयार केलेले पूरक कार्ड बसविता येई. एवढेच नव्हे, तर यंत्राचे विद्युत्-आराखडे आणि मूलभूत आज्ञांची संपूर्ण संहिता आयबीएमने आपल्या तांत्रिक संदर्भग्रंथात छापून दिली होती. एकीकडे यंत्राची लिपी कायम स्मृतीत गोठवून टाकलेली, आणि दुसरीकडे यंत्राचे दार मात्र उघडे, असा हा विरोधाभास होता. आशियाई लिपींचा या यंत्रातील प्रवेश या उघड्या दारातूनच झाला.

३. चौकटीतील अक्षर

पीसीचा पडदा अक्षरांच्या दृष्टीने ८० स्तंभ आणि २५ ओळींचा होता. म्हणजे एका वेळी २,००० चौकटी. प्रत्येक चौकटीसाठी दोन बाइट राखलेले असत. पहिला बाइट कोणते चिन्ह दाखवायचे ते सांगे आणि दुसरा ते ठळक, अधोरेखित की लुकलुकते हे सांगे. एकरंगी पडद्याच्या कार्डावर यासाठी ४ किलोबाइट स्मृती होती. ४,००० बाइटांसाठी ती पुरेशी ठरे. चिन्हाचा बाइट एकच असल्याने शक्य चिन्हे २५६. त्यांचे आकार कार्डावरील कायम स्मृतीत कोरलेले असत आणि वापरकर्त्याला ते बदलता येत नसत.

या २५६ चिन्हांची यादी वाचनीय आहे. पहिल्या १२८ स्थानांवर १९६३ साली निर्माण झालेल्या आस्की संकेताची इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे होती. उरलेल्या १२८ स्थानांवर पश्चिम युरोपातील काही स्वरयुक्त अक्षरे, गणितासाठी काही ग्रीक अक्षरे, पौंड, येन व पेसेटा यांची चलनचिन्हे आणि तक्ते आखण्यासाठी रेघांचे तुकडे होते. आस्कीतील नियंत्रक संकेतांच्या जागाही चित्रांनी भरून काढल्या होत्या. तेथे हसरे चेहरे होते, पत्त्यांतील बदाम, चौकट, किलवर व इस्पिक होते, संगीतातील स्वरचिन्हे होती. युरोपाचेही चित्र यात अपुरेच होते. पोर्तुगीज लेखनाला आवश्यक असलेली अनुनासिक आ आणि ओ ही अक्षरे नव्हती, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांचे एक अक्षर नव्हते, रशियन लिपी तर मुळातच नव्हती. आशियातील एकाही लिपीचे एकही अक्षर या यादीत नव्हते. यामागे कोणाचा द्वेष शोधणे व्यर्थ आहे. हे यंत्र अमेरिकी कार्यालयासाठी व घरासाठी होते आणि त्या वापराला जे लागेल ते त्यात घातले गेले. परंतु एकदा हे यंत्र जगाचे प्रमाण ठरले, तेव्हा एका कार्यालयाची गरज ही जगाच्या लेखनाची सीमा झाली.

यादीपेक्षाही सूक्ष्म अडथळा चौकटीच्या मापात होता. एकरंगी पडद्यावर प्रत्येक अक्षरासाठी ९ ठिपके रुंद व १४ ठिपके उंच अशी चौकट होती. रंगीत कार्डावर ती अवघी ८ गुणिले ८ ठिपक्यांची होती. रोमी अक्षरे एकापुढे एक, सुटी आणि एका ओळीत बसतात. देवनागरीत अक्षर हे तीन मजल्यांचे घर असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार; मध्ये अक्षराचा देह; खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे खालचे थर. 'मूर्तींना' या साध्या शब्दात एका 'त'च्या माथ्यावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिहेरी वस्ती होते. हे सारे ८ ठिपक्यांच्या उंचीत बसविणे म्हणजे वाचनीयतेचा त्याग होता. १४ ठिपक्यांतही ते कष्टाने बसे.

शिरोरेषेचे प्रकरण याहून बोलके आहे. एकरंगी कार्डावर चौकट ९ ठिपके रुंद असली तरी अक्षराचा आकार ८ ठिपक्यांचाच साठविलेला असे. नववा ठिपका दोन अक्षरांमधील मोकळी जागा म्हणून रिकामा सोडला जाई. रोमी अक्षरांना ही फट हितकारक होती. देवनागरीत मात्र त्यामुळे प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा तुटली असती. यंत्र रेघ जोडू शकत नव्हते असे नाही. तक्त्यांच्या आडव्या रेघा अखंड दिसाव्यात म्हणून १९२ ते २२३ या ३२ संकेतांपुरती खास योजना केलेली होती; त्या चिन्हांचा आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा उमटविला जाई. म्हणजे अखंड आडव्या रेषेची गरज यंत्रकर्त्यांना ठाऊक होती आणि तिचा उपायही त्यांनी केला होता. मात्र ती रेषा त्यांच्या कल्पनेत हिशेबाच्या तक्त्याची होती, अक्षराची नव्हती. लिपीविषयीची गृहीतके यंत्राच्या घडणीत किती खोलवर मुरलेली असतात, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

४. आशियाई उत्तरे : एक तुलना

या चौकटीला आशियातील भाषासमाजांनी दिलेली उत्तरे एकसारखी नव्हती. त्यांची तुलना केली असता प्रत्येक लिपीचा स्वभाव आणि त्या त्या देशाची औद्योगिक स्थिती या दोहोंवर प्रकाश पडतो.

जपानने वेगळे यंत्रच घडविले. एनईसी कंपनीचा पीसी-९८०१ हा संगणक ऑक्टोबर १९८२ मध्ये आला. त्याचा पडदा ६४० गुणिले ४०० ठिपक्यांचा होता आणि कांजी चिन्हांच्या आकारांसाठी कायम स्मृतीचे स्वतंत्र मंडल जोडता येई. १९७८ च्या जपानी प्रमाण संकेतात पहिल्या श्रेणीची २,९६५ कांजी चिन्हे होती. १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या एका चिन्हाला ३२ बाइट लागतात. तेव्हा केवळ या श्रेणीसाठी सुमारे ९३ किलोबाइट हवेत. आयबीएम पीसीच्या संपूर्ण कायम स्मृतीच्या दुपटीहून हे प्रमाण अधिक होते. हा खर्च पेलू शकणारा उद्योग आणि तो देऊ शकणारी बाजारपेठ जपानकडे होती. त्यामुळे आयबीएमचे प्रमाण तेथे पुढील अनेक वर्षे निर्विवाद सत्ता गाजवू शकले नाही.

चीनने खाचेचा मार्ग निवडला. १९८० च्या राष्ट्रीय प्रमाण संकेतात ६,७६३ चिनी चिन्हे होती. चिनी विज्ञान अकादमीच्या संगणनतंत्र संस्थेशी संबंधित नी ग्वांगनान यांनी विकसित केलेले चिनी लिपीचे कार्ड १९८५ मध्ये बाजारात आले. ते आयबीएम पीसीच्या खाचेत बसे. एक चिन्ह टंकलिखित केले की त्याच्याशी साहचर्याने येणारे पुढील शब्द ते सुचवी. या 'साहचर्य' गुणावरून त्याला मिळालेले चिनी नाव पुढे ते विकणाऱ्या कंपनीनेच धारण केले. तीच कंपनी आज लेनोवो म्हणून ओळखली जाते. लिपीच्या एका अडचणीतून उद्योग उभा राहिल्याचे हे उदाहरण आहे.

थाई लिपीची कथा भारतीय अभ्यासकाला अधिक जवळची वाटेल, कारण ती ब्राह्मीकुळातील लिपी आहे आणि तीतही स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर-खाली बसतात. व्हान सुवन्नुकुल या थाई अभियंत्याने १९८२ मध्ये हर्क्युलस हे पडद्याचे कार्ड तयार केले. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा ही त्यामागील प्रेरणा होती, असे सांगितले जाते. या कार्डात ६४ किलोबाइट स्मृती होती. एकरंगी पडद्यावरील ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका त्यामुळे स्वतंत्रपणे उजळता येई. कार्ड जगभर खपले आणि इंग्रजी कार्यालयांत आलेख काढण्यासाठी ते प्रमाण बनले. लिपीच्या परिघावरून आलेल्या गरजेने केंद्राचे यंत्र सुधारले, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या एकमार्गी प्रसाराची नेहमीची कल्पना तपासून पाहायला लावते.

५. भारतीय उत्तर : एक संकेत, दहा लिपी

आयबीएम पीसी अवतरला तेव्हा आयबीएम भारतात नव्हती. परकीय भांडवलावरील निर्बंधांमुळे १९७८ मध्ये तिने येथील व्यवसाय बंद केला होता. नोव्हेंबर १९८४ मधील नव्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल झाले आणि पीसीच्या प्रतिकृती भारतीय कंपन्यांकडून तयार होऊ लागल्या. अशा रीतीने मूळ यंत्राऐवजी त्याचे विनिर्देशच या देशात आले, असे म्हणणे यथार्थ ठरेल. विनिर्देशांबरोबर २५६ चिन्हांची चौकटही आली.

तत्पूर्वीच कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत देवनागरीच्या संगणकीय मांडणीवर काम सुरू झालेले होते. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखालील या कामाचा नमुना १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात मांडण्यात आला. मोहन तांबे हे या कामातील प्रमुख अभियंते. पुढे १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि जिस्ट या नावाने ओळखले जाणारे हे तंत्रज्ञान तेथे आले. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसे. अक्षरांचे आकार आणि ते जुळविण्याचे नियम कार्डावरच असत. त्यामुळे डीबेस, वर्डस्टार यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींमध्येही भारतीय लिपीतील मजकूर लिहिता व वाचता येई. आज्ञावलीच्या लेखी ते केवळ बाइट होते. त्यांचे अक्षरांत रूपांतर होई ते पडद्यापाशी.

या योजनेचे मर्म कार्डात नसून संकेतात आहे. जपानी आणि चिनी उत्तरांमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक होता. त्याच न्यायाने देवनागरीतील प्रत्येक जोडाक्षराला क्रमांक द्यायचा, तर शिसे-छपाईच्या केसांमधील शेकडो खिळ्यांची पुनरावृत्ती झाली असती आणि ती २५६ स्थानांत मावली नसती. म्हणून येथे आकारांऐवजी वर्णांना क्रमांक देण्यात आले. 'क्ष' हा आकार साठविला जात नाही. क, हलन्त, ष असे तीन संकेत साठविले जातात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. संकेतात ती नंतरच येते. प्राचीन शिक्षाग्रंथांनी वर्ण आणि त्याचे दृश्य रूप यांत जो भेद गृहीत धरला होता, तो येथे अभियांत्रिकीचा आधार बनला.

वर्णांची मोजदाद केली की दुसरी गोष्ट ध्यानात येते. ब्राह्मीकुळातील भारतीय लिपींची वर्णमाला बहुतांशी समान आहे. म्हणून इस्की या संकेतात आस्कीची पहिली १२८ स्थाने अबाधित ठेवून वरच्या स्थानांवर एकच भारतीय वर्णमाला बसविण्यात आली. देवनागरी, गुरुमुखी, गुजराती, बांगला, असमिया, ओडिया, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि तमिळ या दहाही लिपींतील 'क'चा क्रमांक एकच. कोणत्या लिपीत दाखवायचे ते वेगळ्या संकेताने सांगायचे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ही योजना प्रमाण म्हणून स्वीकारली. ध्वनिक्रमावर आधारलेला इन्स्क्रिप्ट कळफलकही याच दृष्टीचे अपत्य होय.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या संकेतात एक परिचित प्रश्न दिसेल. भारतीय साहित्य एक आहे की अनेक, या वादाचे हे जणू अभियांत्रिकी रूप होते. इस्कीने उत्तर दिले : भाषा अनेक, लिपिरूपे अनेक, पण आधारभूत वर्णव्यवस्था एक. या उत्तराचे बळ मोठे होते. एकाच मजकुराची लिपी क्षणात पालटता येई. देवनागरीतील नाव तेलुगूत दाखविण्यासाठी नव्याने टंकलेखन करावे लागत नसे. परंतु या उत्तराच्या मर्यादाही तितक्याच बोलक्या आहेत. उर्दू, काश्मिरी व सिंधी यांची फार्सी-अरबी लिपी या वर्णमालेत बसत नव्हती. तिच्यासाठी निराळी व्यवस्था करावी लागली. तमिळ वर्णमालेतील अल्प व्यंजनांसाठी समान तक्त्यातील पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. देवनागरी, रोमी, कन्नड आदी अनेक लिपींत वावरणारी कोंकणी एकाच वेळी या चौकटीच्या आत आणि बाहेर होती. ब्राह्मीकुळ हे भारतीयत्वाचे माप मानले की कोणाला वगळावे लागते, ही गोष्ट सांकेतिक तक्त्यातील मोकळ्या आणि नसलेल्या जागा दाखवून देतात.

६. आकारांकडे माघार

इस्कीची ही वर्णनिष्ठ दृष्टी व्यवहारात फार काळ एकछत्री राहिली नाही. १९८४ मधील ईजीए आणि १९८७ मधील व्हीजीए या कार्डांनी पडद्यावरील अक्षरांचे आकार बदलण्याची मुभा दिली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप टंक आले. आता स्वतंत्र कार्डाची गरज उरली नाही. रोमी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेला टंक पुरेसा झाला. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, बेंगळुरूची आकृती, सी-डॅकचीच आयएसएम, हिंदी पट्ट्यात कृतिदेव अशा अनेक टंकप्रणाली रूढ झाल्या. मुद्रणाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती. अक्षरे सुडौल झाली, पुस्तके व नियतकालिके घरच्या यंत्रावर जुळविता येऊ लागली, लहान प्रकाशकांना ओतीव खिळ्यांच्या आणि महागड्या जुळणीयंत्रांच्या जोखडातून मुक्तता मिळाली.

परंतु मजकुराच्या दृष्टीने ही माघार होती. या टंकांमध्ये साठविले जात होते ते वर्ण नव्हेत, तर त्यांचे तुकडे : अर्धा म, काना, वेलांटीची कमान, रफाराचा आकडा. ऱ्हस्व वेलांटी पुन्हा व्यंजनाच्या आधी आली. कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले. परिणामी एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक दिसे आणि कोणताच टंक नसेल तर रोमी अक्षरांचा व चिन्हांचा ढिगारा उरे. शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे, शब्दसूची करणे ही भाषाभ्यासाची प्राथमिक कामेही अशक्यप्राय झाली. १९८१ च्या यंत्रात देवनागरीला जागा नव्हती; १९९२ नंतरच्या यंत्रात तिला जागा मिळाली, पण रोमीच्या वेषात. पहिल्या अवस्थेत लिपी अदृश्य होती, दुसऱ्या अवस्थेत ती दृश्य पण निरक्षर होती, असे म्हणता येईल.

याच काळात भारत सरकारच्या योजनेतून भारतीय भाषांचे यंत्रवाच्य भाषासंग्रह तयार करण्याचे काम सुरू झाले होते. मराठी व गुजराती यांची जबाबदारी पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होती. अशा संस्थांनी वर्णनिष्ठ संकेत धरून ठेवला म्हणून ते संग्रह पुढे उपयोगात आणता आले. प्रकाशन व्यवसायाने मात्र स्वाभाविकपणे टंकांची वाट धरली. त्यामुळे एकाच दशकातील मराठी मजकुराचे दोन साठे झाले : अभ्यासासाठी वाचनीय असा छोटा साठा आणि छापण्यासाठी देखणा पण यंत्राला न कळणारा मोठा साठा.

७. मराठीचे लहानसे प्रश्न

इस्कीचा १९८८ मधील आराखडा युनिकोड संकेताने देवनागरीचा पाया म्हणून स्वीकारला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० मध्ये देवनागरीची अक्षरजुळणी यंत्रणेतच आली आणि तिच्यासोबत रघुनाथ कृष्ण जोशी यांनी आरेखिलेला मंगल हा टंक आला. १९८३ च्या कानपूर-नमुन्यातील वर्णविचार अशा रीतीने जगाच्या प्रमाणात जाऊन पुन्हा भारतात परतला. मात्र दहा लिपींसाठी एकच क्रमांक ही कल्पना युनिकोडने घेतली नाही. प्रत्येक लिपीला त्याने स्वतंत्र १२८ स्थानांचा पट्टा दिला. तक्त्यातील समांतर मांडणीत जुन्या एकत्वाची खूण तेवढी उरली.

देवनागरीच्या आत मराठी ही हिंदीची छाया नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागले. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी यांत अर्थाचे अंतर आहे. हिंदीला हा भेद लागत नाही. संकेतात तो साधला गेला तो द्राविडी ध्वनीसाठी ठेवलेल्या 'ऱ' या वर्णाला हलन्त जोडून. मराठीचा एक अर्थभेद तमिळ-मल्याळमच्या लिप्यंतरासाठी राखलेल्या जागेवर आश्रयाला आहे. 'ॲ' या मराठी स्वरचिन्हाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर हिंदीतील 'ऍ' वर भागवावे लागे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांपासून भिन्न आहेत, पण त्यांचा क्रमांक एकच. म्हणून ती वळणे टिकविण्याचा भार टंकांवर आला. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे व अक्षरवळणांचे प्रमाणीकरण जाहीर केले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. मोडीला तर युनिकोडमध्ये प्रवेश मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. कॅरींच्या व्याकरणात खिळ्यांअभावी वगळली गेलेली लिपी अशा प्रकारे दोनशेहून अधिक वर्षांनी यंत्राच्या यादीत आली.

८. पाठचिकित्सेचे नवे क्षेत्र

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने जुन्या यंत्राचे विनिर्देश का वाचावेत?

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वि. स. सुकथनकरांनी हस्तलिखितांची विभागणी केली ती प्रामुख्याने लिपींच्या आधारे : शारदा, नेपाळी, मैथिली, बांगला, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. लिपी ही पाठपरंपरेची सीमा असते, कारण नक्कल करणारा आपल्या लिपीतील मजकुराचीच नक्कल करतो आणि त्याच्या चुकाही त्या लिपीच्या वळणांतून उद्भवतात, हे त्या विभागणीमागील तत्त्व. १९८५ ते २००५ या काळात संगणकावर सिद्ध झालेल्या भारतीय भाषांतील मजकुराला हेच तत्त्व लागू पडते. येथे लिपीची जागा संकेतप्रणालीने घेतली आहे. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आलेला पाठ आणि इस्कीतून आलेला पाठ यांच्या चुका वेगवेगळ्या कुळांतील असतात. तुकड्यांच्या टंकातून आलेल्या पाठात रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या व्यंजनाला चिकटते, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'ॲ' गळतो. वर्णनिष्ठ संकेतातून आलेल्या पाठात अशा सरकण्याला वाव नसतो; तेथे चुका प्रायः टंकलेखकाच्या असतात. एखाद्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीतील पाठभेद लेखकाने केला आहे की रूपांतराने, हे ठरविण्यासाठी संपादकाला हा भेद ठाऊक असणे अपरिहार्य आहे.

धोका केवळ चुकांचा नाही. 'मराठी' हा शब्द इस्कीत ५ बाइटांत मावतो आणि आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ मांडणीत १५ बाइट घेतो. तरीही आजचा साठा अमर्याद असल्याने हा विस्तार कोणाला जाणवत नाही. जुन्या ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर मात्र एखादी संपूर्ण कादंबरी सुखेनैव राहू शकत असे. त्या डिस्कचे चुंबकीय थर झिजत आहेत, त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत आणि त्यांवरील मजकूर ज्या टंकात लिहिला त्याचा तक्ता उपलब्ध नसेल, तर डिस्क वाचली गेली तरी मजकूर वाचला जाणार नाही. ताडपत्राला वाळवी लागते हे पूर्वसूरींना ठाऊक होते, म्हणून त्यांनी नकलांची परंपरा सांभाळली. संगणकीय मजकुराला दुहेरी वाळवी लागते : एक द्रव्याला आणि दुसरी संकेताला. दुसरी डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून लेखकांचे कागद जतन करणाऱ्या संग्रहालयांनी हस्तलिखिताच्या नोंदीत कागद, शाई व हस्ताक्षर यांचा उल्लेख करावा, तसा संगणकीय मजकुराच्या नोंदीत यंत्र, कार्यप्रणाली, टंक आणि संकेत यांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. टंकप्रणालींचे तक्ते हे आजच्या पाठचिकित्सकासाठी जुन्या लिपींच्या वर्णतक्त्यांइतकेच मोलाचे आहेत. भारतातील भाषाविभागांमध्ये मोडीवाचनाचे वर्ग चालतात, ते योग्यच आहे. त्यांच्या शेजारी विसाव्या शतकाच्या अखेरच्या संकेतांचे वाचन शिकविणारा वर्गही असावा लागेल.

आयबीएम पीसी ५१५० च्या मूलभूत आज्ञांच्या ८ किलोबाइटपैकी एक किलोबाइट आस्कीच्या १२८ चिन्हांच्या आकारांसाठी खर्ची पडला होता. १,०२४ बाइटांच्या त्या जागेत इंग्रजीची सारी वर्णमाला निवांत बसली. देवनागरीला, तमिळला, थाईला, चिनीला मात्र आपली जागा खाचेतून, संकेतातून, कधी वेषांतर करून मिळवावी लागली. ही जागा मिळविताना प्रत्येक लिपीने आपल्याविषयीचा कोणता सिद्धांत मांडला, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासाइतकाच साहित्याच्या इतिहासाचाही आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देणारी साधने अजून काही वर्षे हाताशी राहतील. ती मोडीत निघण्यापूर्वी त्यांची नोंद होणे हे या पिढीतील अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.